परदेशी कर्ज काढून विमानतळ, वीजवाहिन्या उभारल्याने नेपाळसारखा भूवेष्टित देश खरंच पुढे जातो का?

काही कामांनी जातो, काहींनी नुसता हप्ता वाढतो. चर्चा व्याजदराची होते. मी मात्र आधी बघतो, की बांधलेल्या कामाचं दुसरं टोक कोणाच्या अंगणात उघडतं.

पोखराचंच घ्या. चीनच्या एक्झिम बँकेच्या सुमारे 21.6 कोटी डॉलर कर्जातून बांधलेल्या तिथल्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन 1 जानेवारी 2023 ला झालं. मी काठमांडूहून पंख्याच्या छोट्या विमानाने उतरलो, तेव्हा देशी प्रवाशांची झुंबड होती आणि परदेशी प्रवाशांच्या बाजूला एक रखवालदार खुर्ची टाकून ऊन खात बसला होता. यात चीनचाच दोष म्हणावा, तर भारताच्या सीमेजवळच्या भैरहवाचा विमानतळ आशियाई विकास बँकेच्या कर्जाचा, 2022 चा; त्याचीही रड तीच. पश्चिमेकडून येणाऱ्या विमानांना थेट आत शिरायला भारताच्या हद्दीतून नवे हवाई मार्ग हवेत, आणि नेपाळ ते वर्षानुवर्षं मागतोय. समुद्र नाही तो नाही, आभाळही शेजाऱ्याकडे मागायचं!

विजेची गोष्ट वेगळी. काठमांडूच्या ठमेल भागात शाल घेतली त्या दुकानात गल्ल्यामागे लोडशेडिंगचं पिवळं पडलेलं वेळापत्रक अजून चिकटलेलं होतं: गट, वार, तास. एकेकाळी हिवाळ्यात नद्या आटल्या की दिवसाचे सोळा-सोळा तास वीज नसे. (आपल्याकडच्या भारनियमनाला नावं ठेवणाऱ्यांनी हे वाचावं.) साहुजी म्हणाले, "इन्व्हर्टर कधीच विकून टाकला."

2016 मध्ये नेपाळमधलं ढल्केबर आणि बिहारमधलं मुझफ्फरपूर जोडणारी वीजवाहिनी सुरू झाली. कर्ज इथेही परदेशीच, भारताचं. बिहारकडून वीज येऊ लागली, नेपाळच्या वीज प्राधिकरणाचे तेव्हाचे प्रमुख कुलमान घिसिंग यांनी कारखान्यांना चोवीस तास मिळणारी वीज घरांकडे वळवली आणि त्याच वर्षीच्या तिहारपासून, म्हणजे आपल्या दिवाळीपासून, काठमांडूत दिवे टिकू लागले. 2021 पासून तर पावसाळ्यातली जादा वीज नेपाळ भारताच्या बाजारात विकतो.

मेख इथेही आहेच. ज्या प्रकल्पात चिनी गुंतवणूक आहे, त्याची वीज भारत घेत नाही. म्हणजे सावकार निवडतानाच गिऱ्हाईकही ठरून जातं. नोव्हेंबर 2024 मध्ये नेपाळची 40 मेगावॉट वीज पहिल्यांदा बांगलादेशात पोहोचली, तीही भारताच्याच तारांवरून.