ओएसिस या ब्रिटिश रॉक बँडने दुसरा अल्बम ('मॉर्निंग ग्लोरी') खरंच शेतावर रेकॉर्ड केला होता का?

हो, बहुतेक अल्बम वेल्समधल्या मॉनमथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत झालाय, 1995 च्या मे-जूनमध्ये. मुळात ते वॉर्ड भावांचं डेअरी फार्म, 60 च्या दशकात त्यांनी तिथेच स्टुडिओ काढला आणि बँडची राहायची-खायची सोयही केली, म्हणजे कामाला बसलं की मँचेस्टर-लंडनचं कोणी डोकं खायला येत नाही, भांडायचं तर आपापसात, आणि ते बँडमधल्या गॅलघर भावांनी, लियम आणि नोएलनी, केलंच. स्टुडिओवर 2020 मध्ये डॉक्युमेंटरी आली, त्यात लियम स्वतः बोललाय. फक्त सगळीच गाणी त्या सेशनची नाहीत, 'सम माइट से' आधीचं, ते एप्रिलमध्येच सिंगल म्हणून आलं होतं आणि त्यावर ड्रमरही जुना, टोनी मॅकॅरॉल.