मन कोरडं पडलंय, मग पूर्ण मनाने प्रीती कशी करायची?

या वेळी तीन पत्रं घेतलीयेत. पहिल्यासारखं पत्र जवळजवळ दर महिन्याला कुणी ना कुणी पाठवतं, म्हणून त्याला जास्त जागा दिलीये.

प्रश्न : ताई, सलाम. मी डोंबिवलीला राहते, नोकरी फोर्टला बँकेत. आजोबांपासून आम्ही ख्रिस्ती, लहानपणापासून मंडळीतच, म्हणजे चर्चमध्येच वाढले. शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात शिकवते, महिला मंडळाचा हिशोब बघते, गायनातही असते. पण गेलं वर्षभर प्रार्थनेला बसलं की काहीच वाटत नाही. तोंडाने शब्द चालू असतात आणि डोक्यात टार्गेट, सासूबाईंची औषधं, मुलाची दहावी. भावाशी दोन वर्षं बोलणं नाही, वडिलांच्या परळच्या खोलीवरून, पण तो विषय वेगळा. मध्यंतरी पाळकसाहेबांनी ‘पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने देवावर प्रीती कर’ यावर उपदेश दिला आणि मला देवळातच रडू आलं, भक्तीने नाही, भीतीने. माझं मन पूर्ण नाहीच. मग मी जे करते ते ढोंग झालं ना? शब्बाथ शाळेतून नाव काढून घेऊ का?

उत्तर : सलाम. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, नाव काढू नका. का ते सांगते, जरा लांबण लागेल.

ही आज्ञा आहे बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, ६व्या अध्यायात. मोशेने ती सांगितली तेव्हा समोर कोण होते बघा, वाळवंटात चाळीस वर्षं काढून थकलेले लोक, ज्यांचे आईबाप वाटेतच गेले. आणि आज्ञा दिल्यावर लगेच पुढे तो म्हणतो की हे शब्द घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना बोलत जा. म्हणजे ज्याने आज्ञा दिली त्याला माहितीये की माणसाचा दिवस घरात आणि वाटेतच जातो, तुमचाही तसाच जातो, अर्धा स्वयंपाकघरात आणि अर्धा सीएसएमटी फास्टमध्ये. डोंगरावर एकांत मिळाला की मग प्रीती कर असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही.

आता मार्कच्या शुभवर्तमानाचा १२वा अध्याय काढा. यरुशलेमेच्या मंदिरात एक शास्त्री येशूला विचारतो, सगळ्यात मोठी आज्ञा कुठली, आणि येशू हीच सांगतो, पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने, पूर्ण बुद्धीने, पूर्ण शक्तीने. उपदेश बहुतेक वेळा इथेच थांबतो. पण तोच अध्याय पुढे वाचत जा, शेवटी कोण येतं? दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी टाकणारी विधवा. श्रीमंतांनी पुष्कळ टाकलं, पण उरलेल्यातून टाकलं, तिने जेवढं होतं तेवढं टाकलं, आणि येशूने शिष्यांना जवळ बोलावून तिच्याकडे बघायला लावलं. मला वाटतं त्या शास्त्र्याच्या प्रश्नाचं चालतंबोलतं उत्तर हीच बाई आहे. पूर्ण म्हणजे पुष्कळ असं तिच्याकडे बघून तरी वाटत नाही. तुमच्याकडे आज जे मन आहे, दमलेलं, विखुरलेलं, अर्धं झोपेत, ते सगळंच्या सगळं त्याच्यापुढे ठेवायचं, त्यातलं चांगलं दिसणारं निवडून नाही.

ढोंगाचं म्हणाल तर ढोंगी माणूस लपवतो. लूकच्या १८व्या अध्यायातला परूशी, म्हणजे नियमधर्म काटेकोर पाळणारा माणूस, देवासमोर उभा राहून स्वतःचे उपास आणि दशांश मोजतो, आणि जकातदार मान खाली घालून एकच वाक्य बोलतो, ते खरं असतं. तुम्ही मला जे लिहिलंत ते प्रभूला त्याच शब्दांत सांगितलंय का कधी? की त्याच्यासमोर बसलं की आपण लगेच ‘हे स्वर्गीय पित्या आम्ही तुझे उपकार मानतो’ सुरू करतो, सवयीने? स्तोत्र ४२ वाचा, ६३ वाचा, तहानेची भाषा आहे तिथे, कोरड्या जमिनीची. आणि ८८वं तर असं आहे की शेवटपर्यंत उजेड येतच नाही, अंधारावरच संपतं. तेही मंदिरात गायलं जायचं, कोरहाच्या वंशजांचं गीत म्हणून ते आपल्या शास्त्रात बसलंय. म्हणजे ‘मला काही वाटत नाही रे प्रभू’ हीसुद्धा उपासना आहे, आणि माझ्या मते तर पाठ केलेल्या गोड प्रार्थनेपेक्षा जास्त खरी.

अजून एक, तुम्ही थकलाय. हे अध्यात्मात मोडत नाही असं समजू नका. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता (१ राजे १९) तेव्हा देवाने त्याला उपदेश नाही केला, झोपू दिलं, देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं, बोलणं सगळं नंतर. तेव्हा महिला मंडळाचा हिशोब या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी द्या, अपराधी न वाटता द्या. शब्बाथ शाळा ठेवा, कारण मुलांना शिकवताना गोष्ट आपल्याही कानावर पडते. आणि प्रार्थनेतच नाही तर कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्याने विश्वास कमी होत नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला अशा वेळी फार धीर देतं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १८८९ ला त्यांनी इथे आपल्या मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांना शिकवायला लागल्या, समाजाच्या शिव्या खाल्ल्या. एवढं सगळं करूनही त्यांनी नंतर स्वतःच्या साक्षीत लिहिलंय की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाला बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी. मधली वर्षं ढोंग होती असं कोण म्हणेल? त्या काळातही त्या शोधत होत्या, वाचत होत्या, समोर आलेल्या मुलींना जेवूखाऊ घालत होत्या. आणि भेट झाल्यावर पुढे केडगावचं मुक्ती मिशन, आणि म्हातारपणी सगळं बायबल साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणायचं काम, हिब्रू आणि ग्रीक शिकून. १९२२ साली वारल्या तोपर्यंत त्यांनी ते धरून ठेवलं.

मग करायचं काय? स्वतःचं मन तपासत बसू नका, वाटतंय का, आता वाटतंय का, याने प्रीती वाढत नाही, उलट जी असते तीही घाबरून जाते. योहान लिहितो की त्याने आपल्यावर आधी प्रीती केली म्हणून आपण करतो. तर त्याच्याकडे बघायला लागा. मार्कचं शुभवर्तमान घ्या, १६च अध्याय आहेत, पण एका वेळी एकच प्रसंग, दिवसभर तोच. पाचव्यात बघा, बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई मागून येऊन वस्त्राला हात लावते, चहूबाजूंनी रेटारेटी, तिकडे याइराची मुलगी मरायला टेकलेली, आणि अशा घाईत येशू थांबतो, मला कोण शिवलं म्हणून विचारतो. ठाण्याला गर्दी आत घुसते ना, त्या वेळी हा प्रसंग आठवून बघा, तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही पडणार. दहाव्यात तो श्रीमंत माणूस, जो शेवटी खिन्न होऊन निघून जातो, त्याच्याबद्दल मार्क लिहितो की येशूने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली. तो जाणार आहे, तरी केली. ही एक ओळ घेऊन मी कितीतरी दिवस राहू शकते.

आता जे लिहायला मला जड जातंय ते. तुमच्या पत्रातली एक ओळ मी परत परत वाचली, भावाशी बोलणं नाही ‘पण तो विषय वेगळा’. ताई, तो विषय वेगळा नाही. तुमचा कोरडेपणा त्याच्यामुळेच आलाय असं मी म्हणत नाही, ते मला इथे बसून कळणार नाही. पण स्तोत्र ८६ मध्ये दावीद मागतो की प्रभू माझं चित्त एकाग्र कर, तुकडे झालेलं मन एक कर, आणि तुम्ही एक अख्खी खोली कुलूप लावून ठेवलीये आणि बाकीच्या घरात प्रभूला शोधताय. येशूने तर स्पष्टच सांगितलंय, वेदीजवळ दान आणलं आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा. मत्तय ५, वचनं २३ आणि २४. हक्क सोडून द्या असं नाही म्हणत मी, खोलीचं काय ते वकिलाला विचारून, कागदावर, रीतसर होऊ दे. पण फोन करा. वहिनीची चौकशी करा, खोलीचा ख पण काढू नका. त्याने नाही उचलला तर नाही उचलला, तुम्ही प्रभूला सांगू शकाल की हाही तुकडा तुझ्यासमोर ठेवला.

प्रश्न : ताई, मी मालाडचा, वय २३. तरुण संघाच्या रिट्रीटला खंडाळ्याला गेलो होतो, तीन दिवस वर्शिप, मी इतका रडलो, सगळं आयुष्य प्रभूला दिलं, आणि पुढच्या बुधवारपर्यंत सगळं गेलं. आता मी दर शनिवारी वेगवेगळ्या वर्शिप नाइटला जातो ते फीलिंग परत यावं म्हणून. मित्र म्हणतो तुझा अभिषेक, म्हणजे तुझ्यावरचा पवित्र आत्मा गेला. खरंय का?

उत्तर : नाही रे बाबा. मित्राला सांग हे तराजू देवाच्या हातात राहू दे. खंडाळ्यात जे झालं ते खरंच झालं असणार, त्याबद्दल आभार मान, पण तेच परत परत हवं म्हणून या हॉलमधून त्या हॉलमध्ये फिरायला लागलास तर हळूहळू प्रभूपेक्षा त्या फीलिंगचीच ओढ लागते, आणि हे मी तुझ्यासारख्या चांगल्या चांगल्या पोरांच्या बाबतीत बघितलंय म्हणून काळजीने सांगते.

येशूचा शिष्य पेत्र बघ. सगळे अडखळले तरी मी नाही अडखळणार, असं म्हणाला, अगदी मनापासून म्हणाला असेल, आणि त्याच रात्री येशूला ओळखतच नाही म्हणून तीनदा नाकारलं. नंतर समुद्रकिनारी येशूने कोळशावर मासे भाजून नाश्ता दिला आणि तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? पेत्र हो म्हणाला की दर वेळी पुढे काय? माझी कोकरं चार, माझी मेंढरं पाळ. रडून दाखव, शपथ घे, असं काही नाही, एक काम दिलं. तूही एक काम धर, लहान चालेल पण ठरलेलं. परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर गावाकडून आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात, तुमच्या संघातले चारपाच जण मिळून आधी चौकशी करा त्यांना नेमकं काय लागतं, आणि मग एक शनिवार तिकडचा ठेवा. किंवा तुमच्याच मंडळीत कुणी आजीआजोबा असतील ज्यांना आता देवळात येता येत नाही, त्यांच्याकडे जा, पण फोटो काढू नका.

गाणी सोडू नकोस मात्र. फक्त सगळी इंग्रजी हिंदीच गात असाल तर नारायण वामन टिळकांची भजनं काढा. हा माणूस १८९५ साली आपल्या मुंबईतच बाप्तिस्मा घेतलेला, तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं म्हणायचा, आणि त्याची भजनं पेटी आणि टाळांवर संथ गायली की रडू येईल किंवा येणार नाही, पण शब्द आत राहतात, बुधवारी पण असतात, गुरुवारी पण.

प्रश्न : आई दीड वर्ष अंथरुणाला खिळून आहे. मी कंपनीतून आलो की संध्याकाळी प्रार्थनासभा, शुक्रवारी रात्रभराची जागरण प्रार्थना, रविवारी दोन उपासना. आईचं सगळं बायको बघते आणि आता चिडचिड करते. लूक १४:२६ मध्ये आईबापांपेक्षा, बायकोमुलांपेक्षा प्रभू आधी असं आहे ना? तिला कसं समजावू? — एक बंधू, भांडुप

उत्तर : भाऊ, समजून घ्यायचं तुम्हाला आहे, तिला नाही. तुम्ही सांगितलेलं वचन खरंच आहे, येशूपेक्षा कुणी मोठं नाही. पण त्याच येशूने मार्कच्या ७व्या अध्यायात कुणाला धारेवर धरलंय ते वाचा. जे लोक ‘हे कुर्बान आहे, देवाला वाहिलंय’ म्हणून आईबापांचं करायचं टाळायचे, त्यांना. देवाचं नाव पुढे करून देवाचीच आज्ञा मोडता, असं तो म्हणाला. आणि स्वतः वधस्तंभावर असताना, श्वास घेणं मुश्कील होतं तेव्हा, त्याने आईची सोय लावली, शिष्याला सांगितलं ही तुझी आई.

या शुक्रवारी घरी थांबा. आईचं पाठ पुसणं, कूस बदलणं, रात्रीचं डायपर, हे सगळं तुम्ही करा, बायकोला दुसऱ्या खोलीत झोपू द्या, खोली एकच असेल तर तिला माहेरी पाठवा एक रात्र. प्रार्थना तेव्हाही होते, आईजवळ बसून मोठ्याने करा, तिला ऐकू येत असेल तर तिलाही ‘आमेन’ म्हणता येईल. सभा सगळ्या बंद करा असं नाही, आठवड्यातली एक ठेवा. कुठली ठेवायची ते बायकोला विचारून ठरवा, आणि तसं मंडळीतल्या वडीलजनांनाही सांगून ठेवा म्हणजे ते तुम्हाला परत परत बोलावणार नाहीत.