कल्चर निगेटिव्ह म्हणजे जंतू नाहीत, असे समजावे काय?

प्रश्न : माझ्या आईचा (वय ६८) गुडघा दोन वर्षांपूर्वी छत्रपती संभाजीनगर येथे बदलला. काही महिन्यांपासून तो दुखतो व सुजतो. गावातील डॉक्टरांच्या अँटिबायोटिक गोळ्यांनी तात्पुरते बरे वाटले. त्यानंतर सांध्यातील पाणी तपासले, तेव्हा कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत) काही आढळले नाही. आता सर्जन पीसीआर चाचणी करण्यास सांगतात. ती आवश्यक आहे काय?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : आवश्यक आहे, आणि त्याचे कारण आपण उल्लेखिलेल्या गोळ्यांतच आहे. कल्चरमध्ये जिवंत जंतूंची वाढ व्हावी लागते. आधी अँटिबायोटिक घेतलेले असेल तर ती दबते आणि संसर्ग असूनही अहवाल कोरा येऊ शकतो. शिवाय कृत्रिम सांध्यावरील जंतू धातूला व प्लॅस्टिकला घट्ट धरून स्वतःभोवती चिकट थर (बायोफिल्म) तयार करतात, त्यामुळे पाण्यात ते थोडेच उतरतात. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेससारखे काही जंतू तर इतके सावकाश वाढतात की कल्चर १४ दिवस ठेवावे लागते. आपला अहवाल किती दिवसांनी आला, हे जरूर पाहावे.

पीसीआरमध्ये जंतू वाढवावे लागत नाहीत, त्यांचा डीएनए ओळखला जातो. मात्र चाचणी कोणती, हे विचारून घ्यावे : १६ एस आरआरएनए जनुकाची चाचणी जवळजवळ कोणताही जीवाणू शोधते, तर मल्टिप्लेक्स चाचणीला तिच्या ठरावीक यादीतलेच जंतू सापडतात. क्षयाचा संशय असल्यास त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते. आपल्याकडे हा संशय सहज बाजूला सारू नये.

पीसीआरचा अहवाल अंतिम निकाल मात्र नव्हे. मेलेल्या जंतूंचा किंवा त्वचेवरून नमुन्यात मिसळलेल्या जंतूंचा डीएनएही तीत दिसतो. मेकए जनुक सापडल्यास मेथिसिलिन या अँटिबायोटिकला प्रतिरोध असल्याचे कळते, पण कोणते औषध लागू पडेल याचे पूर्ण उत्तर कल्चरच देते. म्हणून दोन्ही चाचण्या एकाच वेळी घेतलेल्या पाण्यावर कराव्यात आणि त्या पाण्यातील पांढऱ्या पेशींची संख्या व रक्तातील सीआरपी (दाह दर्शवणारे प्रथिन) यांच्यासह वाचाव्यात. पाणी शक्यतो प्रयोगशाळा असलेल्या शहरातच काढावे. उन्हाळ्यात एसटीच्या पार्सलने नमुना पाठवू नये.

प्रकृती स्थिर असल्यास नमुन्यापूर्वी किमान दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवतात, परंतु हा निर्णय सर्जननेच घ्यावा. ताप आला, गुडघा लाल होऊन तापला किंवा जखमेतून पू येऊ लागला, तर मात्र थांबू नये. मातोश्रींना त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.