एकच छोटा प्रोग्राम अनेक प्रोग्रामिंग भाषांमध्ये लिहून पाहण्याचा खरोखर उपयोग होतो का?

होतो, असे मी अनुभवाने सांगू शकतो. मात्र अशा प्रत्येक प्रयोगामागे एक नेमका प्रश्न असायला हवा. 'हॅलो वर्ल्ड' एवढेच छापणारा प्रोग्राम दहा भाषांत लिहिल्याने फक्त वाक्यरचनेतले फरक कळतात, आणि ते कोणत्याही पुस्तकातून कळले असते.

मला सर्वाधिक शिकवून गेलेला प्रयोग 'नमस्ते' या शब्दाची लांबी मोजण्याचा होता. वाचणाऱ्याला त्यात न, म आणि स्ते अशी तीन अक्षरे दिसतात. पायथन मात्र 6 सांगते, कारण युनिकोडमध्ये (प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकात) स, हलन्त, त आणि मात्रा यांची नोंद स्वतंत्र असते. गो आणि रस्ट 18 सांगतात, कारण तिथे लांबी बाइटमध्ये मोजली जाते आणि यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे ही चिन्हे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. जावास्क्रिप्टनेही 6 च सांगितल्यामुळे तिचा नियम पायथनसारखाच असणार, असे मी गृहीत धरले होते. पुढे त्याच कोडला हसऱ्या चेहऱ्याची एक इमोजी दिली, तेव्हा पायथनचे उत्तर 1 आले आणि जावास्क्रिप्टचे 2. जावास्क्रिप्ट 16 बिटांचे घटक मोजते आणि ती इमोजी एका घटकात मावत नाही. तेव्हापासून दोन भाषांची उत्तरे जुळली की मी थांबत नाही. ती जुळणार नाहीत असे इनपुट शोधू लागतो.

ऋण संख्येची बाकीही अशीच तपासून पाहा. रविवारला 0 धरून, सोमवारच्या दहा दिवस आधी कोणता वार होता हे काढताना 1 मधून 10 वजा करून 7 ने भागल्यावरची बाकी पायथनमध्ये 5, म्हणजे बरोबर शुक्रवार येते. तोच कोड सी भाषेत जसाच्या तसा नेला तर बाकी −2 येते, आणि तिचा वारांच्या ॲरेत (यादीत) इंडेक्स (जागेचा क्रमांक) म्हणून वापर झाला की प्रोग्राम ॲरेबाहेरची मेमरी वाचू लागतो.

मोठ्या कोडची मांडणी, टेस्टिंग किंवा वर्षभरानंतरची देखभाल या प्रयोगांतून शिकता येत नाही, म्हणून हातातला प्रकल्प सोडू नका. प्रयोग वीसेक ओळींचा ठेवा आणि कोड चालवण्याआधी अपेक्षित उत्तर कॉमेंटमध्ये (कोडमधल्या टिपेत) लिहून ठेवा. उत्तर दिसल्यावर 'मला हेच वाटले होते' असे मन फार सहज म्हणते.