लेथवर दोन-स्टार्ट ट्रॅपेझॉइडल आटे कसे पाडायचे? ते जॅकला चालतील का?

वागळे इस्टेटमधलं तुमचं छोटं युनिट, ६ मिमी पिचच्या (पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर) लीड स्क्रूचा, म्हणजे टूलची गाडी (सॅडल) सरकवणाऱ्या लांब स्क्रूचा लेथ, आणि ऑर्डर आहे २० मिमी व्यासाच्या, ४ मिमी पिचच्या, ट्रॅपेझॉइडल (समलंब आकाराच्या) आट्यांच्या दोन-स्टार्ट स्क्रूची, म्हणजे एकाच स्क्रूवर शेजारी-शेजारी दोन आटे. दुसरा आटा बरोबर मधोमध कसा आणायचा, आणि हाच स्क्रू जॅकला लावता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

आधी जॅकचं: नको. दोन स्टार्ट म्हणजे लीड, एका फेऱ्यात नट सरकतो ते अंतर, ८ मिमी. मध्यव्यास १८ धरला की आट्याचा चढ ८ अंशांचा होतो. तेल लागलेल्या स्टील-गनमेटलच्या जोडीत घर्षणांक ०.१ धरला, तर ६ अंशांपुढे स्क्रू भार धरून ठेवत नाही. हँडल सोडलं की वजन खाली येऊ शकतं. एक-स्टार्टचा चढ ४ अंशांचा, तो धरतो. दोन-स्टार्ट भराभर सरकवायला बरा, उदाहरणार्थ जॉब पकडणाऱ्या फिक्श्चरच्या क्लॅम्पला. फ्लाय प्रेसमध्ये तर अनेक स्टार्ट मुद्दाम ठेवतात.

आता आटे पाडणं. गिअर लीडचे, म्हणजे ८ मिमीचे लावा: चकच्या ३ फेऱ्यांत लीड स्क्रूच्या ४. पिचचे लावलेत तर जॉब भंगारात. तळाचा व्यास १५.५, खोली २.२५, टूलचा कोन ३० अंश, टोक १.३३ मिमी रुंद. तळाशी चढ ९ अंशांच्या वर जातो, म्हणून उजव्या आट्याला टूलच्या डाव्या बगलेचा क्लिअरन्स (बगल घासू नये म्हणून दिलेला तिरपेपणा) १२-१३ अंश हवा. नेहमीसारखा ५-६ ठेवलात तर बगल भिंतीला घासते, आटा फाटका येतो आणि दोष उगाच मटेरियलला जातो. आटे संपतात तिथे १५.३ व्यासाचा, ८-१० मिमी रुंद गळा (टूल थांबायला खाच) आधीच काढून ठेवा; ४० आरपीएमलाही सॅडल सेकंदाला ५ मिमीहून जास्त पळतं.

दुसऱ्या आट्यासाठी कंपाउंड (टूल धरणारी वरची छोटी स्लाइड) ४ मिमी सरकवायला सांगतात. पण ते बेडला समांतर नसेल तर खोली बदलते. तुमच्या लेथवर त्याहून सोपं आहे. मशीन बंद करा, चक हलवू नका, हाफ नट (सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा, उघडता येणारा नट) उघडा, सॅडल १२ मिमी सरकवा आणि नट पुन्हा बसवा. १२ मधून ८ ची एक लीड वजा केली की उरतात ४, म्हणजे नेमकी अर्धी लीड. नट दर ६ मिमीवरच बसतो, त्यामुळे माप साध्या पट्टीनेही चालतं. ६ वर बसला तर मात्र चुकलं. बाकी वेळी नट उघडू नका, मोटर उलटी फिरवून मागे या. कट जॉबच्या बऱ्याच बाहेरून सुरू करा, म्हणजे ढिलाई आधीच निघून जाते. ४ टीपीआयच्या (इंचाला ४ आटे) इंची लीड स्क्रूवर ही युक्ती चालत नाही. तिथे कंपाउंडच, पण डायल गेज लावून. शिवाय इंच-मिमी जुळवायला १२७ दातांचा गिअर लागेल.

दोन्ही आटे आधी रफ करा, मग त्याच टूलने, मध्ये धार न लावता, फिनिश करा. एकाच आट्याला पूर्ण खोलीपर्यंत नेलंत तर दुसऱ्याच्या वेळी टूल झिजलेलं असतं आणि जाडी जुळत नाही. शेवटचे कट ०.०५ चे घ्या.

नटाचं भोक १६ मिमी. नट एकदा चढवून पाहा, मग काढून अर्धा फेरा फिरवून पुन्हा चढवा. एका वेळी गेला आणि दुसऱ्या वेळी अडकला, तर आटे मधोमध नाहीत.