‘पोरगी नुसती खेळली, शिकली काहीच नाही’

मुलांविषयी पालकांना सल्ला देणं हे माझं काम. मे महिन्याची सुट्टी संपत आली की माझ्याकडे एक ठरावीक तक्रार यायला लागते. मुंबईला नेलं, पुण्याला नेलं, सायन्स सेंटर दाखवलं. पोरगं बटणं दाबत सुटलं, एक पाटी वाचली नाही, आणि काय शिकलास विचारलं तर म्हणतं, ‘मजा आली.’ त्यापुढचं वाक्यही ठरलेलं असतं : ‘मॅडम, याचं लक्ष लागत नाही का हो?’ दरवर्षी इतक्या आईवडिलांना तेच सांगते, म्हणून या वेळी लिहूनच काढते आहे. जिच्या निमित्ताने लिहिते आहे तिला शर्वरी म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

शर्वरी नऊ वर्षांची, चौथीत जाणारी. वडिलांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन शॉप, आई घरी शिवणकाम करते. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून तिघं वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला गेली होती. आईने पाट्यांचे फोटो काढून आणले होते, घरी वाचून घ्यायला. शर्वरी मात्र एका फिरत्या चकतीपासून हलेना. रांगेत उभं राहायचं, चकतीवर चढायचं, फिरायचं, उतरून परत रांगेत.

“एवढा खर्च करून गेलो,” वडील म्हणाले, “आन् ही पाळण्यात बसल्यागत गोल गोल फिरत बसली. तेवढ्यासाठी जोतिबाची जत्रा काय वाईट हाय?”

मी शाळेचं विचारलं, घरचं विचारलं. बाईंची तक्रार नव्हती. चित्र काढायला बसली की जेवायला हाका माराव्या लागतात, असं आईच म्हणाली. लक्षाचा प्रश्न नाही, हे मला पहिल्याच भेटीत दिसत होतं. पण अशा वेळी मी सांगून पटत नाही, स्वतः पाहिलं की पटतं. मोठी माणसंही शेवटी मुलांसारखीच शिकतात.

पुढच्या भेटीला तिघांना एकत्र बोलावलं. शर्वरीला ‘काय शिकलीस’ असं मी विचारलंच नाही. या प्रश्नाला परीक्षेचा वास येतो आणि मुलं तोंड मिटून घेतात. माझी गोल फिरणारी खुर्ची टेबलामागून पुढे ओढली आणि म्हटलं, “ती चकती कशी होती, मला दाखवशील?”

तिने पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या मागून घेतल्या. खुर्चीत मांडी घातली, दोन्ही हात बाजूला ताणले. “पप्पा, ढकला.” खुर्ची संथ फिरायला लागली. तिने बाटल्या छातीशी ओढल्या आणि खुर्चीने एकदम वेग घेतला. हात पसरले, पुन्हा संथ.

“बघा. मी हात जवळ घेतला की जोरात फिरतो. लांब केला की हळू.”

“आणि बाटल्या नसतील तर?”

“तरी होतंय, पण थोडंच. तिथं मी रिकाम्या हातानं पण करून बघितलं. एक हात लांब, एक जवळ, असं पण. तवा पडायला झालं. मग एक पाय लांब केला. पायानं लईच हळू होतंय.”

आईने शिवलेल्या पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत विचारलं, “म्हणजे दर वेळेला वेगळं करत होतीस?”

“मग? तेच तेच कशाला करू?”

मी विचारलं, “पण असं होतं कशामुळे?” शर्वरीचं उत्तर तयार होतं : हात जवळ घेतला की माणूस हलका होतो, म्हणून जोरात फिरतो. आई लगेच ‘अगं, तसं नसतं’ म्हणायला निघाली होती, तिला मी खुणेने थांबवलं. आमच्या इमारतीत खाली मेडिकल आहे, तिथे वजनकाटा आहे. बाप-लेक बाटल्या घेऊन खाली गेले. पाच मिनिटांत जिन्यावरूनच ओरडत आली : “तेवढंच! हात लांब केला तरी तेवढंच, जवळ घेतला तरी तेवढंच!” मग खुर्चीत बसली आणि बराच वेळ गप्प. मीही गप्प राहिले. तिच्या वडिलांनाही गप्प राहता आलं, याचं मला कौतुक वाटतं.

शेवटी ती म्हणाली, “वजन तेवढंच हाय. फक्त लांब गेलंय.”

माझ्या इतक्या वर्षांच्या कामात अशी वाक्यं मी जपून ठेवली आहेत. एक चुकीची कल्पना तिने स्वतः मांडली, स्वतः तपासली आणि स्वतः सोडून दिली. पाटी वाचून हे झालं नसतं. वडील खुर्चीची पाठ धरून उभे होते. म्हणाले, “इंजिनाच्या जड चाकाचं, फ्लायव्हीलचं, असंच असतंय. वजन सगळं काठाला ठेवायचं.”

“मध्ये ठेवलं तर?”

“मग इंजिन झटके खात चालंल. काठाला वजन असलं की एकदा धरलेला वेग सुटत नाही.”

“मग सुरू करताना पण जोर लागत असणार.”

“लागतोय की!” असं म्हणून ते माझ्याकडे वळले. “मॅडम, हे मला कुठल्या मास्तरनं शिकवलं नव्हतं. मिस्त्रीच्या हाताखाली इंजिनाला हँडल मारताना कळालं.” त्यानंतर खेळणं वेगळं आणि शिकणं वेगळं, हा विषय त्यांनी काढला नाही.

मुलांची समज कशी घडते याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ पियाजेला मी मानणारी आहे. मूल हाताने जे करतं, त्यातूनच त्याची समज उभी राहते, यावर माझा विश्वास आहे. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आजूबाजूच्या साध्या वस्तू हातात देऊन मुलांना शिकवलं, तेही याच विश्वासाने. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमर काही वर्षं गुरं पाळून आणि शाळेत शिकवून परत विज्ञानाकडे आले आणि 1969 साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी एक्सप्लोरेटोरियम हे विज्ञान संग्रहालय सुरू केलं. तिथली उपकरणं काचेआड ठेवलेली नव्हती, हाताळण्यासाठीच मांडलेली होती. वरळी काय किंवा चिंचवडचं सायन्स पार्क काय, त्यामागचा विचार हाच आहे.

पण मुलाला तिथे नुसतं सोडून दिलं की सगळं आपोआप होतं, असंही नाही. शर्वरीला खुर्ची मिळाली, प्रश्न विचारणारं कुणी मिळालं, आणि चुकू देणारंही मिळालं. ते काम आपलं. सुरुवातीचा काही वेळ मूल सैरावैरा पळणारच. नवी जागा, आवाज, गर्दी; त्याला सगळं एकदा हात लावून बघायचं असतं. पळू द्या. मग ते कुठेतरी परत येतं, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तिथे थांबा. ‘चल, अजून दोन मजले बघायचेत’ म्हणू नका, बाकीचे मजले राहिले तरी चालतील. त्याने हँडल फिरवायच्या आधी एवढंच विचारा, “काय होईल, वाटतंय?” आणि जे झालं ते वेगळं निघालं तर, “परत बघू या?” उत्तर तुम्हाला येत असेल तर ते थोडं गिळून ठेवा. येत नसेल तर आणखी चांगलं, दोघं मिळून शोधा. पाटी वाचायची वेळही येते, पण प्रश्न मुलाच्या तोंडातून आल्यावर. परतीच्या गाडीत ‘पुन्हा गेलास तर काय करून बघशील?’ असं विचारा. मूल कराडपर्यंत बोलत राहतं.

काही मुलांचं लक्ष खरोखरच कुठे टिकत नाही. शाळेत, घरी, अगदी आवडत्या खेळातही, आणि कित्येक महिने असंच चालू असेल तर जरूर दाखवून घ्या. सायन्स सेंटरमधल्या एका दिवसावरून मात्र काही ठरवू नका.

निघताना शर्वरीच्या आईने विचारलं, “पण मार्कांचं काय?” मी खरं ते सांगितलं. चौथीच्या पेपरात यातलं काही येणार नाही. ‘वजन तेवढंच, फक्त लांब गेलंय’ हे आपल्या बोर्डाच्या बारावीच्या फिजिक्समध्ये पहिल्याच धड्यात येतं, कोनीय संवेग आणि जडत्व आघूर्ण अशा भारदस्त नावांनी. तिथवर पोचायला तिला आठ वर्षं आहेत. तोवर दर सुट्टीला मुंबई गाठायची गरज नाही. रविवारी मशीन बंद असताना तिला शॉपवर न्या, असं मी वडिलांना सुचवलं. लेथ, पुली, जुनं फ्लायव्हील, जे असेल ते हाताने फिरवू द्या. आईचं शिवणयंत्र तर घरातच आहे. त्याचं मोठं चाक एकदा फिरलं की सुई किती वेळा खाली येते, हे तिने अजून मोजलेलं नव्हतं.