बॉल खाली पडला तरी बॅटर आउट? सॉफ्टबॉलचा एक निर्णय आणि घरातला आठवडा

स्प्रिंग सीझन सुरू झाला की एप्रिल-मेमध्ये पालकांचा एक प्रश्न हमखास येतो, शब्द वेगवेगळे पण गाऱ्हाणं तेच. अंपायरने चुकीचा निर्णय दिला, मुलगी आता ग्राउंडवर जायलाच तयार नाही, आम्ही लीगशी भांडायचं की तिला खेळ सोडू द्यायचा? मी न्यू जर्सीत समुपदेशन करते, माझ्याकडे मराठी घरं बरीच येतात, आणि आईबाबा क्रिकेटवर वाढलेले असल्यामुळे सॉफ्टबॉलमधलं त्यांच्यापेक्षा मुलींनाच जास्त कळतं. त्यातली एक केस सांगते, ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत.

सई (नाव बदललंय) ११ वर्षांची, टाउनच्या रेक लीगमधे १२ वर्षांखालच्या टीमची कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे विकेटकीपरसारखी असते ती. रेक म्हणजे नाव नोंदवलं की खेळायला मिळतं, कोच म्हणजे कुणाचे तरी आईबाबा, आणि अंपायर बऱ्याचदा हायस्कूलमधलं एखादं पोर. शेवटची इनिंग, स्कोअर ७-७, समोरची टीम बॅटिंगला, एक आउट आणि तिन्ही बेसवर रनर (पुढच्या बेसकडे पळायला थांबलेल्या मुली). बॅटरने बॉल उंच उडवला, थेट शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या) डोक्यावर. अंपायरने हात वर करून काहीतरी पुकारलं पण त्या गलक्यात कुणालाच ऐकू गेलं नाही. शॉर्टस्टॉपच्या हातून कॅच सुटला, तिने लगेच बॉल उचलून होमकडे (बॅटरपाशी असते ती प्लेट, रनर तिथे पोचली की रन) फेकला, सईने प्लेटवर पाय ठेवून तो झेलला, रनर पोचायच्या आधी. हिच्या टीमच्या मुली नाचायला लागल्या, आणि अंपायर म्हणाला, बॅटर आउट, रनर सेफ, रन धरला, गेम संपला.

बाबा कुंपणाबाहेरून ओरडायला लागले की बॉल जमिनीवर पडलाय तर बॅटर आउट कसा आणि जिला खरंच आउट केलं ती सेफ कशी. घरी येताना गाडीत तेच, जेवताना तेच, रात्री लीगला लांबलचक ईमेल लिहायला घेतली आणि त्यात ‘आमच्या मुलीसोबत भेदभाव’ हा शब्दही आला. सईने पुढच्या प्रॅक्टिसच्या दिवशी पोट दुखतंय म्हणून सांगितलं, त्याच्या पुढच्यालाही तेच, मग आईने मला फोन केला.

सईशी मी एकटीशी बोलले. अंपायरबद्दल ती फार बोललीच नाही. ती म्हणाली, "मावशी, माझा पाय प्लेटवर होता, कोचने शिकवलंय तसंच केलं मी. मग मी काय करायला हवं होतं?" इतक्या दिवसांत या प्रश्नाचं उत्तर तिला कुणी दिलं नव्हतं. सगळे अन्यायाबद्दल बोलत होते, आणि तिला वाटत होतं की जे नीट शिकलो तेच जर चूक ठरत असेल तर पुढच्या गेमला उभं तरी कशाच्या भरवशावर राहायचं. माझ्या अनुभवात या वयाच्या मुलांचं बऱ्याचदा असंच असतं. हरल्याचं दुःख दोन दिवसांत ओसरतं, पण न कळलेली गोष्ट डोक्यात फिरत राहते.

म्हणून आम्ही टेबलावर चार कोस्टर मांडले, रनर म्हणून नाणी ठेवली आणि तो प्ले पुन्हा खेळलो. नियमाचं नाव इनफिल्ड फ्लाय. दोनपेक्षा कमी आउट आहेत, पहिल्या आणि दुसऱ्या किंवा तिन्ही बेसवर रनर आहेत, आणि इनफिल्डरला, म्हणजे बेसच्या आसपासच्या फील्डरला, सहज झेलता येईल असा उंच फेअर (मैदानाच्या रेषांच्या आतला) बॉल उडाला (बंट म्हणजे बॅट नुसती आडवी धरून हळूच ढकललेला नाही, सपाट जोरात गेलेला नाही), तर अंपायर बॅटरला तिथल्या तिथे आउट देतो, मग कॅच होवो किंवा न होवो. बेसबॉलमधे हा नियम १८९०च्या दशकात आला, तिथूनच सॉफ्टबॉलमधेही आहे. तो नसता तर फील्डर मुद्दाम कॅच सोडतील, कॅच होणार म्हणून बिचाऱ्या रनर बेसपाशी थांबलेल्या असतात, आणि मग एका सोडलेल्या कॅचवर दोन आउट आरामात.

सईचं कोडं याच्या पुढच्या भागात होतं. बॅटर आउट झाली म्हणजे पहिल्या बेसकडे येणारं कुणी उरलं नाही, म्हणजे पुढच्यांना बेस सोडायची सक्ती उरली नाही, फोर्स संपला (ही सक्ती असते तेव्हा बॉल घेऊन पुढच्या बेसवर पाय ठेवला की रनर आउट). रनर पळाली तर स्वतःच्या जबाबदारीवर पळते, पण तिला आउट करायला प्लेटवर पाय ठेवून भागत नाही, टॅग करावं लागतं, म्हणजे हातातल्या बॉलने तिला टच. सईने तिसऱ्या बेसवरचं नाणं हातात घेतलं, जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे मी तिला फक्त टच करायला हवं होतं?" हो, एवढंच. ती थोडी रडली पण हे रडणं वेगळं होतं, मी थांबवलं नाही.

बाबांशी वेगळं बोलले. भेदभावाचा मुद्दा मी उडवून लावला नाही, आपल्या मुलांच्या वाट्याला इथे तो कधी येतच नाही असं मी म्हणणार नाही आणि तो दिसला तर बोलायलाच हवं. पण त्यांना विचारलं, सीझनमधे आधी असं काही दिसलंय का, इतर मुलींना वेगळी वागणूक मिळते का? ते बराच वेळ विचार करून नाही म्हणाले. मग मी त्यांनाही तीच नाणी दाखवली. निर्णय बरोबर होता, फक्त आवाज पोचला नव्हता आणि नंतर कुणी समजावलं नव्हतं. ईमेल त्यांनी पुन्हा लिहिली, चार ओळींची, की अंपायरने इनफिल्ड फ्लाय मोठ्याने पुकारावं आणि कोचने मुलींकडून त्याची प्रॅक्टिस करून घ्यावी. ही मागणी मला अगदी रास्त वाटते. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांनी सईला सांगितलं की मला तो नियम माहीत नव्हता आणि मी तुझ्या टीमसमोर ओरडायला नको होतं. पोटदुखीचं निम्मं कारण तिथे होतं असं मला तरी वाटतं, कारण मैत्रिणी काय म्हणतील हे ती मला दोनदा म्हणाली होती.

तर ज्यांनी हा प्रश्न विचारलाय त्यांना माझं सांगणं, गाडीत बसल्याबसल्या निकाल देऊ नका, आधी तिला विचारा की तुला काय दिसलं आणि काय कळलं नाही. नियम तुम्हाला माहीत नसेल तर दोघं मिळून शोधा, आणि आपल्या लीगचे नियम आधी बघा कारण लहान गटांत इनफिल्ड फ्लाय काही ठिकाणी लावतच नाहीत. आक्षेप घ्यायचा तर तो कोचने घ्यायचा, तिथल्या तिथे, साधारणपणे पुढचा पिच (बॅटरकडे टाकलेला बॉल) पडायच्या आत. तोही नियम चुकीचा लावला असेल तरच, बॉल सहज झेलण्यासारखा होता की नव्हता हा अंपायरचा अंदाज असतो आणि त्यावर प्रोटेस्ट चालत नाही. आणि समोरचा अंपायर कदाचित पंधरा-सोळा वर्षांचा असेल हेही लक्षात असू द्या, तोही कुणाचा तरी मुलगा आहे.

खेळ सोडायचा की नाही हे त्या आठवड्यात ठरवूच नका. सई दोन प्रॅक्टिस बुडवून परत गेली, कॅचरच आहे अजून, नियम मात्र तिला अजिबात आवडत नाही आणि तसं ती कोचला सांगूनही आलीये. पण समजावूनही पोटदुखी, झोप उडणं, शाळेत जायला नको म्हणणं असं काही आठवडे चालूच राहिलं तर त्याला सॉफ्टबॉलचं कारण देऊन थांबू नका, पीडियाट्रिशियनला दाखवा आणि समुपदेशकाकडेही घेऊन या.